खेळांचा मेळा आणि पालकांची परवानगी

खेळ आणि विद्या यांचें हाडवैर आहे, हा समज आपल्या समाजांत फार जुना आहे. पूर्वीं विटीदांडूवर आणि पत्त्यांवर जो राग निघत असे, तोच पुढें चित्रपटांवर निघाला, आणि आतां तो संगणकावरील व मोबाईलवरील खेळांवर निघत आहे. ह्या रागांत अगदींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु राग आला म्हणजे माणूस एका गोष्टीबरोबर तिच्या शेजारची गोष्टही झोडपून काढतो, आणि तसेंच कांहींसें येथें होत आहे असें आम्हांस वाटतें.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांचे व तयार करणाऱ्यांचे मोठे मेळे शनिवार-रविवार गांठून मुंबईसारख्या शहरीं भरूं लागले आहेत. अशा मेळ्यास विद्यार्थ्यांनीं मित्रांसह जावें कीं न जावें, हा प्रश्न गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील सहा घरांत एकाच वेळीं उपस्थित झाला. कांहीं घरांत उत्तर 'हो' आलें, कांहींत 'नाहीं' आलें, आणि एका घरांत बापलेकांचें बोलणें आठ दिवस बंद पडलें. प्रश्न लहान दिसला तरी त्याची झळ लहान नव्हती. आम्ही अखेर त्या मेळ्यास जाऊन आलों. तेव्हां ऐकीव गोष्टींवर न विसंबतां, पाहिलेलें व समजलेलें पालकांपुढें व सोबत्यांपुढें शांतपणें मांडावें, ह्या हेतूनें हे चार शब्द आम्ही लिहीत आहों.

हें खूळ कालपरवांचें आहे असें पुष्कळांस वाटतें. तसें नाहीं. अमेरिकेंतील ब्रुकहेवन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेंत १९५८ सालच्या १८ ऑक्टोबर रोजीं पाहुण्यांसाठीं प्रदर्शन मांडलें होतें. नुसतीं उभीं असलेलीं यंत्रें पाहून लोक कंटाळतात, हें ओळखून विल्यम हिगिनबोथम या पदार्थविज्ञानाच्या शास्त्रज्ञानें ऑसिलोस्कोपच्या चिमुकल्या गोल कांचेवर टेनिसचा खेळ दाखविला. प्रकाशाचा एक ठिपका जाळ्यावरून इकडून तिकडे जाई, आणि समोरासमोरच्या दोघांनीं हातांतील कळ दाबून तो परतवावयाचा, एवढाच तो खेळ; पण त्यासाठीं लोकांची रांग लागली. हा गृहस्थ दुसऱ्या महायुद्धांत अणुबाँबच्या कामावर होता, आणि युद्धानंतर अण्वस्त्रांचा प्रसार थांबावा म्हणून झटला. व्हिडिओ गेमच्या अगदीं आरंभींच्या खेळांपैकीं हा एक, आणि तो बंद खोलींत जन्मला नाहीं. चारचौघांच्या देखत, प्रदर्शनांत जन्मला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

जगांतील मोठ्या मेळ्यांत गणला जाणारा 'ड्रीमहॅक' हा मेळा तर शाळेंतच उगवला. स्वीडनमधील मालुंग नांवाच्या लहानशा गांवीं कांहीं वर्गबंधु आपापले संगणक घेऊन शाळेच्या तळघरांत जमत. १९९४ मध्यें हीच मंडळी शाळेच्या उपाहारगृहांत जमूं लागली आणि तेथून मेळा वाढत गेला. त्याच मेळ्याची एक आवृत्ति २०१८ च्या डिसेंबरांत, २१ ते २३ तारखेस, शुक्रवार ते रविवार, मुंबईस गोरेगांवच्या प्रदर्शनगृहांत भरली होती. चित्रकथांचा 'कॉमिक कॉन' हा मेळा २०११ सालीं दिल्लींत सुरू झाला. तो पुढें मुंबईसही भरूं लागला आणि त्यांत खेळांस मोठी जागा मिळूं लागली. २०२५ च्या मे महिन्यांत १ ते ४ तारखेस केंद्र सरकारनें मुंबईस 'वेव्हज्' नांवाची दृक्श्राव्य व करमणुकीच्या व्यवसायाची जागतिक परिषद भरविली, तींतही ह्या खेळांचा समावेश होता. ज्या गोष्टीची सरकारें परिषद भरवितात, ती केवळ पोरखेळ म्हणून बाजूस सारतां येत नाहीं.

कोंकणांतील माणसास ह्या मेळ्याचें स्वरूप समजावून सांगणें मुळींच अवघड नाहीं. त्यानें मार्लेश्वरची यात्रा पाहिलेली असते, आंगणेवाडीची जत्रा ऐकलेली असते, शिमग्यांत ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचविलेली असते. जत्रेंत एकीकडे देऊळ, एकीकडे खाज्याचीं व खेळण्यांचीं दुकानें, आणि रात्रीं दशावतारी नाटक असा थाट असतो. ह्या मेळ्यांतही एका बाजूस मोठा मंच व त्यावरील सामने, दुसऱ्या बाजूस विक्रीचीं दुकानें, आणि मधून हिंडणारीं सोंगें असतात. आपल्या आवडत्या खेळांतील वीराचा वेष स्वतःच्या हातानें शिवून, पुठ्ठ्याचें चिलखत रंगवून तरुण मंडळी फिरत होती. आमच्या शहरी यजमानांस त्याचें नवल वाटलें. शिमग्यांत संकासुरामागें धांवलेल्या आम्हांस मात्र ओळखीचें कोणी भेटल्यासारखें झालें.

आणि खेळ ही आपल्या भूमीस परकी गोष्ट तरी कोठें आहे ? बुद्धिबळाचें मूळ जें चतुरंग, तें हिंदुस्थानांतील. सापशिडीचें मूळ जो मोक्षपट, त्यांत पुण्याची शिडी व पापाचा साप दाखवून खेळतां खेळतां धर्मविचार शिकवीत असत. आमच्या शेजारच्या सावंतवाडीस गोल गंजिफा रंगविण्याची कला आहे. दशावतारी गंजिफेचे दहा रंग, दर रंगाचीं बारा पानें, मिळून १२० पानें होतात, आणि प्रत्येक रंग विष्णूच्या एका अवताराचा. ही कला विझत चालली असतां सावंतवाडीच्या राजघराण्यानें राजवाड्यांतच कारागिरांस बसवून ती पुन्हां उजेडांत आणिली. गंजिफा खेळणारे आज थोडे उरले; पण तीं पानें घराच्या भिंतीवर मोठ्या कौतुकानें टांगलीं जातात. खेळ जुना झाला म्हणजे ती संस्कृति होते आणि नवा असला म्हणजे तें व्यसन, असा न्याय आपण लावीत आहों काय, याचा विचार व्हावा.

आतां आमच्या प्रवासाविषयीं थोडें. एका मित्राचे मामा परळास नोकरीस आहेत. त्यांनीं आमची जबाबदारी पत्करली, म्हणूनच चार घरांतून परवानगी निघाली. प्रत्येकीं २,००० रुपयांत सर्व भागवावयाचें, अशी अट होती. शुक्रवारीं रात्रीं कोंकणकन्येनें निघालों, शनिवारीं सकाळीं दादरास उतरलों, दोन दिवस मेळा पाहिला, आणि सोमवारीं शाळेची घंटा झाली तेव्हां वर्गांत हजर होतों. डोळे तांबारले होते. पण गणिताचा तास चुकला नाहीं.

तेथें आम्हांस तीन गोष्टी मिळाल्या. पहिली, उघड्यावर हरणें. आमच्यापैकीं एकजण आपल्या आळींत अजिंक्य समजला जातो. मेळ्यांत बारा वर्षांच्या एका अनोळखी मुलानें त्यास चार मिनिटांत हरविलें, आणि मग उठून कोठें चुकलें तेंही समजावून सांगितलें. घरच्या खोलींत हरणारा मोबाईल आपटतो, कारण पाहणारें कोणी नसतें. तेथें शेंपन्नास माणसें पाहत होतीं, म्हणून हंसून हात मिळवावा लागला. आट्यापाट्या आणि कबड्डी आपल्या वाडवडिलांस जें शिकवीत, तेंच हें.

दुसरी गोष्ट, खेळ आपोआप होत नाहीं, तो कोणीतरी करतो, हें ज्ञान. झगझगीत दालनांपासून दूर, एका कोपऱ्यांत, लहानशा मेजावर तिघां तरुणांनीं आपला स्वतः तयार केलेला खेळ मांडला होता. त्यांत वादळी समुद्रांतून होडी किनाऱ्यास आणावयाची होती. चित्रें एकाचीं, संगीत दुसऱ्याचें, संगणकास द्यावयाच्या आज्ञा तिसऱ्याच्या. त्यांनीं सांगितलें कीं, पडद्यावरील चित्र एका सेकंदांत साठ वेळां नव्यानें काढलें जातें. म्हणजे दर चित्रामागें संगणकास सेकंदाचा साठावा भागच मिळतो, आणि तेवढ्यांत होडी, लाट, वारा यांचा सर्व हिशोब पुरा व्हावा लागतो. जी त्रिकोणमिति आम्ही परीक्षेपुरती घोकतों, ती लाटेच्या उंचसखलपणांत कामास येते, हें तेथें डोळ्यांनीं दिसलें.

आमच्यांतील एका मित्राच्या वडिलांची मिरकरवाड्यास होडी आहे. खेळ पाहून तो हळूच म्हणाला, "एवढी लाट आडवी लागली तर होडी उलटते. तोंड लाटेकडे ठेवावें लागतें." त्या तरुणांनीं खेळ थांबविला, वही काढली, आणि त्याला चार प्रश्न विचारून उत्तरें उतरून घेतलीं. ज्या मुलास "तुला काय कळतें ?" एवढेंच ऐकण्याची संवय, त्याचें ज्ञान कोणीतरी लिहून घेत होतें ! वर ज्या घरांत बोलणें बंद पडल्याचें सांगितलें, तें घर याचेंच. परत आल्यावर त्यानें हा प्रसंग वडिलांस सांगितला, तेव्हां त्यांनीं पहिला प्रश्न केला तो हा कीं, "वारा कोणत्या बाजूचा दाखविला होता ?" आणि बोलणें सुरू झालें.

तिसरी गोष्ट, ह्या उद्योगांत आपलीं माणसें आहेत, हा धीर. पुण्यांतील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या लहान मंडळीनें 'राजी' नांवाचा खेळ तयार केला. भाऊ हरवलेली एक मुलगी त्याचा शोध घेत राक्षसांशीं झुंजते, अशी त्याची कथा. आणि पहाडी चित्रशैलीची छाया त्याच्या चित्रांवर आहे. २०१७ मध्यें लोकांकडून वर्गणी गोळा करण्याचा त्यांचा प्रयत्न ठरलेल्या रकमेपर्यंत पोहोंचला नाहीं. तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. २०२० मध्यें खेळ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षीं 'गेम अवॉर्ड्स' या अमेरिकेंतील पारितोषिकांत नवोदितांच्या पहिल्या खेळांच्या शेवटच्या यादींत त्याचें नांव लागलें. येथें एक गोष्ट खेदानें नमूद करावी लागते. आमच्या वर्गांत ह्या खेळांत सर्वांत तरबेज आहे ती एक मुलगी, आणि परवानगी नाकारली गेली ती तिलाच, केवळ ती मुलगी म्हणून. मेळ्यांत मंचावर मुलीही उतरल्या होत्या, हें आम्हीं तिला सांगितलें. तें सांगतांना आमची मान खालीं होती.

आतां आक्षेपांकडे वळूं. पालकांची भीति निराधार नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें आपल्या रोगांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणांत खेळाच्या आहारीं जाण्याच्या विकृतीस स्थान दिलें, आणि तें वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलांत आलें. परंतु तिचीं लक्षणें नीट वाचावींत : खेळावरील ताबा सुटणें, इतर सर्व कामांहून व आवडींहून त्यास वरचढ मानणें, नुकसान दिसत असूनही तो चालूच ठेवणें, आणि हें सारें साधारणपणें बारा महिने टिकणें. सुटींत दोन तास खेळणारा मुलगा रोगी नव्हे. उलट, जो जेवण, झोंप व मित्र टाकून दार लावून बसतो, त्याची काळजी अवश्य करावी. त्याला उपदेशाहून आधीं वैद्याची व मायेची गरज असते.

दुसरा धोका पैशाचा. नाणें लावून खेळावयाचा खेळ हा खेळ नव्हे, तो जुगार होय; मग तो फडावर असो वा मोबाईलवर असो. आपल्या संसदेनें २०२५ च्या ऑगस्टमध्यें केलेल्या कायद्यांत हा भेद स्पष्ट केला आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी, आणि स्पर्धात्मक ई-क्रीडेस व निव्वळ करमणुकीच्या खेळांस उत्तेजन, असें त्याचें धोरण आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजीं त्यास राष्ट्रपतींची संमति मिळाली. याखेरीज 'फुकट' म्हणून मिळणाऱ्या कांहीं खेळांत आंत काय आहे तें न दाखवितां बंद पेट्या विकतात. बेल्जमनें २०१८ मध्येंच असल्या पेट्यांस जुगार ठरविलें. मेळ्यांतही विक्रेत्यांचा आवाज खेळ करणाऱ्यांहून मोठा असतो, हें आम्हीं पाहिलें. दुप्पट किंमतीचे सदरे आणि बाहुल्या यांपुढें आमचे खिसे फार वेळ तग धरते ना. पण २,००० ची अट होती, म्हणून घरच्यांचें बोल ऐकण्याची पाळी आली नाहीं. अट घालणें म्हणजे अविश्वास नव्हे, हें त्या दिवशीं पटलें.

मग सरसकट बंदीच कां घालूं नये, असें कोणी विचारील. दोन देशांचीं उदाहरणें पाहावींत. चीननें २०२१ च्या ऑगस्टअखेर अठरा वर्षांखालील मुलांस शुक्रवार, शनिवार, रविवार व सुटीच्या दिवशीं रात्रीं ८ ते ९ हा एकच तास ऑनलाइन खेळांची मुभा ठेविली. त्याच महिन्यांत दक्षिण कोरियानें उलट पाऊल टाकलें. सोळा वर्षांखालील मुलांस मध्यरात्रीनंतर खेळण्यास बंदी करणारा आपला २०११ चा कायदा मोडीत काढून, वेळेची मर्यादा घरांतच ठरवावी असें तेथील सरकारनें जाहीर केलें. एका देशानें कुलूप मोठें केलें, दुसऱ्यानें किल्ली आईबापांच्या हातीं दिली. आपल्या घरांस दुसरा मार्ग अधिक मानवेल असें आमचें मत आहे. कारण रत्नागिरीसारख्या गांवीं कुलूप लावणारा शिपाई कोठून आणणार, आणि पांघरुणाखालीं पेटणारा पडदा त्याला कसा दिसणार? आमच्या मतें खरा शत्रु खेळ नसून चोरटेपणा आहे. जो खेळ लपून खेळला जातो, त्याला मर्यादा नसते. जो चारचौघांत खेळला जातो, त्याला मर्यादा आपोआप येते. मेळ्याचा मोठा गुण हाच कीं, तो खेळास पांघरुणाखालून काढून दिवसाच्या उजेडांत आणितो.

म्हणून पालकांस आमची नम्र विनंति आहे. मुलानें असल्या मेळ्याची परवानगी मागितली तर उत्तर देण्यापूर्वीं तीन प्रश्न करावे : बरोबर कोण आहे, खर्च किती, आणि तेथें काय पाहणार ? तिन्ही उत्तरें समाधानकारक असलीं तर मुलगा व मुलगी असा भेद न करतां जाऊं द्यावें. शक्य असल्यास स्वतः बरोबर यावें. आमचे मामा पहिले दोन तास दाराजवळच्या खुर्चीवर घड्याळ पाहत बसले होते. दुसऱ्या दिवशीं त्या होडीच्या खेळापुढून त्यांना उठविण्यास आम्हांस दोनदां जावें लागलें.

सोबत्यांसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. परवानगी ही उसनवार आहे. ती वेळेवर परत येऊन आणि हिशोब देऊन फेडावी लागते. मेळ्यांत केवळ रांगेंत उभे राहून नवे खेळ चाखूं नका. जेथें गर्दी नाहीं, त्या कोपऱ्यांतील मेजापाशीं जा, आणि हा खेळ कसा केला हें विचारा. आम्हांस तेथें कोणीं हिडीसफिडीस केलें नाहीं. उलट कोणी विचारतें आहे याचाच त्यांना आनंद झाला.

शेवटीं एक सूचना. मुंबईची वाट प्रत्येकास परवडत नाहीं. तेव्हां मेळाच येथें कां आणूं नये? मालुंगच्या मुलांस शाळेचें तळघर पुरलें. आपल्या स्नेहसंमेलनांत एक दिवस एक वर्ग मोकळा करून द्यावा. त्यांत एका बाकावर सावंतवाडीची गंजिफा, दुसऱ्यावर सोंगट्यांचा पट, तिसऱ्यावर बुद्धिबळ, आणि चौथ्यावर विद्यार्थ्यांनीं स्वतः तयार केलेला संगणकावरील एखादा साधा खेळ मांडावा. खेळणारांत आईबापांस बसवावें व नियम मुलांनीं शिकवावे. ज्या मुलीस मुंबईस जातां आलें नाहीं, तिच्याकडे त्या खोलीची व्यवस्था सोंपवावी. खर्च म्हणाल तर चहापाण्यापुरता. शाळेच्या चालकांनीं ह्या सूचनेचा विचार करावा. बाकें उचलण्यास आम्ही तयार आहों.